वाढत्या अंगाचं

शालूबाईबरोबर बाजाराला जायचं म्हणजे आपली अब्रू घरी ठेवून निघायचं. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर जाते आहे आणि दरवेळी परत येताना ठरवते, की आता पुरे. मग पुढच्या आठवडी बाजाराला ती पिशवी घेऊन दारात उभी राहते, "चाल वं गीताबाई, उन्ह चढून राह्यलं," आणि मी मुकाट्याने चपला घालते.

तिची रीत अशी. भाव विचारायचा, ऐकून घ्यायचा आणि मग समोरच्याकडे असं बघायचं, की याने काल रात्री आपल्याच घरी चोरी केली. "काऊन बे, सोन्याची हायेत का वांगे?" मग पाठ फिरवून चालू लागायचं. बहुतेक जण हाक मारतात. एखाद्याने नाहीच मारली तर ती आपणच परत येते आणि त्यालाच झापते, "आवाज देल्ला नं तू मले? मंग बोल आता, काय म्हनतं?" तो बिचारा गोंधळतो आणि गोंधळला की कमी करतो. मी शेजारी उभी राहून दुसरीकडे बघत असते.

आम्ही देऊळघाटच्या. तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. तिचे मालक किसनराव पिठाची चक्की चालवतात, थोडी शेती आहे. बोलणं त्यांना जमत नाही, आणि शालूबाईच्या घरात त्याची गरजही पडत नाही. मी शिवणकाम करते. त्यांना एकच मुलगी, अश्विनी. तिचे कपडे पहिल्या झबल्यापासून मीच शिवले, म्हणून सांगायचा हक्क मला आहे.

सगळ्यांची खरेदी आटोपली की शालूबाईची सुरू होते. स्वेटर ती होळीच्या सुमारास घेते. बाहेरगावचे स्वेटरवाले तेव्हा गाशा गुंडाळत असतात, उरलेला माल परत न्यायची त्यांना इच्छा नसते, आणि हे तिला बरोबर कळतं. रेनकोट दिवाळीत. दप्तर गणपतीत. मोठ्या माणसाला हे चालतं, त्याचं माप एकदा ठरलं की ठरलं. पण ही सगळी खरेदी असायची अश्विनीसाठी, आणि अश्विनी वाढत होती. होळीला घेतलेला स्वेटर अंगात जायचा दिवाळीनंतर. तोवर पोरगी किती वाढेल याचा अंदाज शालूबाई मनानेच बांधायची आणि आणखी दोन हिवाळे निघावेत म्हणून वरून भर घालायची.

शिवायला टाकलं तरी तेच. "वाढत्या अंगाचं शिव," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की माझी कात्री आपोआप बाहेरच्या बाजूला सरकायची. खाली चार बोटं कापड आत दुमडायचं, कंबरेत दुमडायचं, खांद्यावर दुमडायचं. त्या दुमडींनी माझ्या मशीनच्या सुया मोडल्या, तेव्हा मी बडबडायची आणि ती चहा करून आणायची. दरवर्षी एक दुमड उसवायची. आतलं कापड कोरं, बाहेरचं विटलेलं, त्यामुळे फ्रॉकच्या घेराला दरसाल एक गडद पट्टा वाढायचा. पोरगी बाह्या सरकवत आणि कंबर सावरत मोठी झाली. कपडा अंगाला नेमका बसला असा एखादा महिना यायचा, तेवढ्यात तो फाटायचा.

एकदा मी भडकलेच. म्हटलं, "शालूबाई, पोरीले एखादी गोष्ट तरी मापाची घेत जा वं. बुजगावनं करून ठेवलं तू तिचं."

तिने हातातली परात खाली आदळली. "चौथी पोर होती मी माह्या मायची. तिघी बहिनींच्या अंगावरून उतरे ते माह्या अंगावर चढे. काखेत काचे, पोटरीच्या वर जाये. शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर कराची लाज वाटे मले, शिलाई उसवली तं? माह्या पोरीच्या अंगाले कधी काही कमी पडनार नाही, गीताबाई. तू शिव." मी शिवलं.

यंदा अश्विनी आठवीत गेली. बुलढाण्याच्या एका शाळेत ती गावातून व्हॅनने जाते. शाळेने सांगितलं, गणवेश अमुक एका दुकानातूनच घ्यायचा. शालूबाई त्या दुकानात जाऊन भाव विचारून आली आणि संध्याकाळभर तिच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. "शाळा शिकवासाठी काढली का कपडे इकासाठी?" आळीत जो दिसेल त्याला ती हे विचारत होती.

दुसऱ्या दिवशी तिने गणवेशाच्या कापडाची चिंधी कुठूनशी मिळवून कमरेला खोचली आणि मला घेऊन कटपीसवाल्यांची रांग धुंडाळायला निघाली. उन्हात माझा जीव जात होता. ती मात्र प्रत्येक ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून चिंधीशी रंग लावून बघत होती. शेवटी पडद्यांच्या तुकड्यांखाली तो सापडला. तोच निळा, तोच धागा, पोत तर दुकानातल्यापेक्षा चांगला. परतताना ती गठडी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही. मी शिवलेला गणवेश शाळेतल्या मॅडमनी उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांना फरक सापडला नाही, ही गोष्ट तिने पुढे महिनाभर सांगितली. खरं सांगते, तेव्हा मलाही भारी वाटलं. दुमडी अर्थात होत्याच.

मग थंडीत अश्विनी उड्या मारत घरी आली. सव्वीस जानेवारीच्या लेझीम पथकात सरांनी तिला सगळ्यांत पुढे उभं केलं होतं. शिट्टी तिच्याकडे, तिने वाजवली की बाकीच्यांनी डाव बदलायचा. आजवर शाळेत कशातच पुढे उभी न राहिलेली पोर ती. घरात लाटणं हातात घेऊन ती खणखणाट करायची आणि पलीकडे माझ्या मांडणीवरचे डबे हलायचे. शालूबाईने आळीत, चक्कीवर, हातपंपावर सगळीकडे सांगितलं. पांढरे कॅनव्हासचे बूट लागणार होते. ते तिने बाजारातल्या ढिगातून जोडी जुळवून आणले, दोन नंबर मोठे.

सव्वीस जानेवारीला आम्ही सकाळच्या पहिल्या काळीपिवळी जीपने बुलढाण्याला पोचलो. किसनरावांनी चक्की बंद ठेवली होती आणि धुतलेली टोपी घातली होती. पालकांसाठी मैदानाच्या कडेला सतरंज्या होत्या. शालूबाईने पहिल्या सतरंजीवरची जागा एका बाईशी भांडून मिळवली.

झेंडावंदन झालं, भाषणं झाली आणि लेझीम पथक आलं. सगळ्यांत पुढे, तोंडात शिट्टी घेऊन, दुसरीच मुलगी होती.

आम्ही ओळी शोधू लागलो. अश्विनी शेवटच्या ओळीत होती, अगदी कडेला.

"पाह्यलं?" शालूबाई म्हणाली. तिचा आवाज आधी बारीकच होता. "दुकानातून कपडे नाही घेतले म्हून राग काढला माह्या पोरीवर."

मी तिचा पदर धरला. तो माझ्या हातातून सुटला. फक्कीची रेघ ओलांडून ती सरळ मैदानात गेली आणि लेझमाच्या सरांसमोर उभी राहिली.

"ताई, कार्यक्रम सुरू आहे," सर म्हणाले.

"चुलीत घाला कार्यक्रम! माह्या पोरीले मांगं काऊन टाकलं? तुमच्या दुकानाचं चिपाड नाही घातलं म्हून? या, पाहा, हात लावून पाहा त्या कापडाले. तुमच्या दुकानदाराच्या बापानं पाह्यलं नसन असं कापड!"

लेझमा एकेक करत थांबल्या. माइकवरचे गुरुजी गप्प झाले. सर मागे अश्विनीकडे बघत राहिले, त्याने शालूबाई आणखी पेटली.

"तिकडं काय पाह्यता? मी विचारून राह्यली नं तुम्हाले!"

अश्विनी ओळीतून बाहेर आली. चालताना तिचे बूट फटफट वाजत होते. ती आईजवळ येऊन म्हणाली, "सरले काही बोलू नको. मीच म्हटलं त्यायले, मले मांगं ठेवा."

"काऊन?"

पोरगी तिथेच मातीत बसली. एक बूट काढला आणि त्यातून चिंध्या ओढायला लागली. एक काढली, दुसरी काढली, मग आणखी. माझ्याच शिवणातली कातरण होती ती, मी ओळखली. तिने सगळी आईच्या पायाशी टाकली.

"उडी मारली का निंघते हा. परवा प्रॅक्टिसमंधी निंघाला अन् पुढं जाऊन पडला. सगळे हासले मले. पुढं राहून काय करू मी?"

"मंग मले सांगाचं होतं, बाई. नाडी बांधून देली असती..."

"दरवेळेस सांगते मी!" अश्विनी ओरडली. इतक्या मोठ्याने ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तू म्हनतं, पुढच्या साली बरोबर येईन. तू माह्यासाठी कवाच काही आनलं नाही, आई. जे आनलं ते पुढच्या सालच्या अश्विनीसाठी आनलं. ते कोन हाय, मले नाही मालूम."

मग तिने चिंध्या गोळा करून पुन्हा बुटात कोंबल्या, उठली आणि शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहिली. सरांनी हात वर केला. शिट्टी वाजली. अश्विनीने सगळे डाव बरोबर केले, फक्त पाय जमिनीवरून उचलले नाहीत.

मला सगळ्यांचा राग आला. पोरीचा आला, की घरातलं बोलणं चारचौघांत बोलली. पण घरात तिचं ऐकतं कोण, हेही मला माहीत होतं. सरांचा आला, की आईबापाला एक निरोप धाडता आला नाही. टोपी हातात धरून सतरंजीवर उभ्या राहिलेल्या किसनरावांचा आला. आणि शालूबाईचा तर असा आला, की परतीच्या गाडीत मी तिच्याशेजारी बसले नाही.

घरी येताच तिने पेटी उघडली. पुढच्या वर्षाचं दप्तर, पुढच्या पावसाळ्याचा रेनकोट, नववीत घालायचा सलवार कमीज, एकेक करून सगळं तिने अंगणात भिरकावलं. मी भिंतीवरून बघत होते.

"तू शिवतं नं तिचे कपडे?" ती माझ्यावर उलटली. "तुले दिसत होतं नं? काऊन नाही सांगतलं मले?"

"हजार वेळा सांगतलं!"

"मोठ्यानं नाही सांगतलं!" असं म्हणून ती पायरीवर बसली आणि रडू लागली. मी गेले नाही. थोड्या वेळाने गेले.

पुढच्या बाजाराला तिने अश्विनीला बरोबर घेतलं. आजवर कधी नेलं नव्हतं. पोर सोबत असली की दुकानदाराला आपली गरज दिसते आणि तो भाव सोडत नाही, असा तिचा हिशेब. अश्विनी निघाली, पण तोंड फुगवून. वाटेत मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत, दोघीही माझ्याशीच बोलत होत्या.

चपलांच्या दुकानाशी शालूबाई थांबली. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली ताडपत्री. "दाखव हिच्या पायाची," ती म्हणाली. अश्विनीने एक पाय घालून पाहिला. चप्पल तिला बरोबर झाली. मग शालूबाईने नेहमीसारखं सुरू केलं. "सोन्याची हायेत का" म्हणून झालं, पाठ फिरवली, परत आली, त्याच्या मालाला आणि त्याला नावं ठेवली. अश्विनी तेवढा वेळ एका पायात चप्पल घालून उभी होती. अखेर भाव ठरला.

चपलावाला तिला वर्षानुवर्षं ओळखतो. तो हसून म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी याच भावात एक नंबर मोठी काढतो. दोन साल पाहाचं काम नाही."

त्याने मोठी जोडी पुढे केली. शालूबाईचा हात आपसूक त्या जोडीकडे गेला. मी पाहिलं, आणि अश्विनीनेही पाहिलं. तिने पायातली चप्पल हळूच काढून ठेवली.

मग शालूबाई फुटली.

"तुले काय करायचं हाय बे तिच्या पुढच्या सालाचं? पोरगी आज इथं उभी हाय. तिचा पाय हा हाय. दिसत नाही का तुले?"

"मावशी, मी तं तुमच्या फायद्याचं..."

"खड्ड्यात गेला फायदा!" ती मटकन खाली बसली, तिने अश्विनीचा धुळीने भरलेला पाय दोन्ही हातांत धरला आणि त्याच्यासमोर आणला. "हा पाय. याले दे. याच्याहून एक बोट मोठी देशीन तं पाहाय!"

माणसं जमली. पलीकडचा कांदेवाला उठून बघू लागला. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघणार होते, पण या वेळी मला ते जमलं नाही. चपलावाल्याने मोठी जोडी मागे घेतली आणि आधीची निमूटपणे पुढे ठेवली. शालूबाईने आपल्या पदराने पोरीचा पाय पुसला आणि त्यात चप्पल चढवली.

 अश्विनीने दुसरा पाय पुढे केला.