मागच्या दाराचं मडकं

वसईच्या आमच्या घराची एक गोष्ट सांगतात. किल्ल्याच्या लढाईत एक जखमी शिपाई मागच्या दारी आला, पाणी प्याला आणि उंबऱ्यावरच त्यानं प्राण सोडला. म्हणून अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी पाणी ठेवतो, तेव्हा त्याच्यासाठीही एक मडकं मागच्या दारी भरतो. शेजारची ख्रिस्ती मावशी त्या मडक्यापाशी मेणबत्ती लावायची. तो मराठ्यांचा होता की पोर्तुगीजांचा, हे दोन्ही घरांत कधी कुणी विचारलं नव्हतं.

यंदा नव्या कॉम्प्लेक्समधली मंडळी आमच्या घरावर त्या शिपायाच्या आठवणीची पाटी लावायला आली. त्यांना तेवढंच हवं होतं: शिपाई कुणाचा? बाबांना माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण समोर मोबाइल धरलेला.

"मराठ्यांचाच," बाबा म्हणाले. "आपला."

टाळ्या पडल्या. कुंपणापलीकडे मावशी कपडे वाळत घालत होती.

अक्षय्य तृतीयेला मी मडकं भरलं आणि मावशीची वाट पाहिली. शेवटी तिला बोलवायला गेले. ती दारातूनच म्हणाली, "तुमचा व्हता ना तो, बाय? मग तुम्हीच पाजा त्याला पानी."