आण्णांची कवळी आणि मुळ्याचं बी

कोल्हापुरात तांबडा रस्सा सोसेनासा होणं हा आजार नव्हे, ती बेअब्रू आहे. माझ्या वडिलांवर, म्हणजे आण्णांवर, ती वेळ आली. कवळीखाली तोंड लालभडक झालं आणि रस्स्याच्या पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी. दातांच्या डॉक्टरांनी बुरशी झाल्याचं सांगितलं, लावायला मलम दिलं आणि कवळी रोज रात्री काढून पाण्यात ठेवायला बजावलं.

आता गंमत बघा. याच बुरशीवर मी प्रयोगशाळेत डोकं फोडत होते. कवळीच्या प्लास्टिकवर ती चिकट थर करून बसते आणि नुसत्या औषधाला भीक घालत नाही. मुळ्याच्या बियांतून काढलेलं एक इवलंसं प्रथिन, म्हणजे पेप्टाइड, जोडीला दिलं की थर ढिला पडतो आणि थोडक्या औषधातही काम भागतं. निदान काचेच्या बशीत तरी. माणसाच्या तोंडापर्यंत यायला याला अजून बराच काळ आहे, हे मी जेवताना पुन्हापुन्हा सांगितलं. आण्णांनी त्यातलं ‘मुळ्याचं बी’ तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर, म्हशीचं धारोष्ण दूध पिता पिता, माझं संशोधन जाहीर झालं. तिथल्या तज्ज्ञ मंडळात एक निवृत्त कंडक्टर आणि बाकी सगळे माजी पैलवान. दोन औषधं एकत्र आली की आपसातच कुस्ती धरतात, असा त्यांनी निकाल दिला. झालं. आण्णांनी मलम बंद केलं आणि बी वाटून कवळीत भरलं. तोंड असं पेटलं की रस्सा राहिला बाजूला, ताकभातही जाईना. बुरशीला दोन औषधांच्या जोडीनं मारायचं हा माझा सगळा अभ्यास, आणि माझ्याच घरात जोडीची फारकत. मी भयंकर चिडले.

मलम पुन्हा सुरू झालं. पण रात्री कवळी काढायची म्हटलं की आण्णा भिंतीकडं तोंड करून झोपायचे. शेवटी एकदा जेवताना मी विचारलंच, नेमकी अडचण काय आहे? ते भात कालवता कालवता म्हणाले,

“रातीत कायतरी झालं, तर सकाळी सगळी गल्ली तोंड बघाय येणार. बोळकं दाखवू व्हय?”

मी ताट बाजूला सारलं.

“मी हाय की, आण्णा. कुणी यायच्या आत मी बसवीन.”

त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. मग हात धुतले, कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकली आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

“वरची आधी बसीव,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “खालची जरा अडकतीया.”