श्रीखंडाच्या डब्यातले सेल

आमच्या पार्ल्याच्या लॅबमध्ये पॉलिमर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. पॉलिमर दहा वेळा करावं तेव्हा एकदा जमतं, किस्सा मात्र पहिल्या फटक्यात जमतो!

आम्ही उन्हापासून वीज करणारं पॉलिमर बनवतो. त्याची गडद निळी शाई करायची, काचेवर पातळ थर द्यायचा, की झाला सोलर सेल. मग शंभर भाग उजेडातून किती भाग वीज मिळाली ते मोजायचं. आकडा दहा, म्हणजे दोन आकडी, आला की आमच्याकडे माणूस पास. माझ्या पीएचडीच्या गाईड साने मॅडम महिनाअखेर रिटायर होणार होत्या. त्याआधी माझा आकडा आला नसता तर दुसऱ्या गाईडकडे नवा विषय घेऊन श्रीगणेशा करावा लागला असता.

*

घाटकोपरला आमच्या सोसायटीत आईने सांगून ठेवलंय, ओंकार प्लास्टिकमधून वीज काढतो. एकदा सेक्रेटरी काका घरी आले आणि आपली लिफ्ट सोलरवर टाकू या म्हणाले. मी त्यांना माझा सेल दाखवला, करंगळीच्या नखाएवढा. त्यांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला.

"बरं, लिफ्ट राहू दे. बेल वाजेल का?"

*

पहिल्या वर्षी मी ओळीने बारा सेल केले, एकातूनही वीज नाही. काचेच्या एकाच बाजूला वीज वाहून नेणारा थर असतो, आणि मी शाई लावली होती दुसऱ्या बाजूला. मॅडमनी काच उलटसुलट करून पाहिली.

"अरे, नुसत्या काचेतून वीज गेली असती तर तुझी गरज काय होती?"

त्यातला पहिला सेल त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी लावून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. ही लॅबची रीतच आहे. प्रत्येकाचा पहिला बाद सेल त्या डब्यात जातो, आणि दोन आकडी आला की ज्याचा त्याने घरी न्यायचा.

*

माझी सीनियर सायली. तिचा एकदम झकास आकडा आला, ती धावत जाऊन पेढे घेऊन आली. आमचे लॅब अटेंडंट सावंतमामा यांनी दोन खाल्लेसुद्धा. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, मास्क कुठाय? मास्क म्हणजे सेलवर ठेवायची भोकाची काळी पट्टी, आजूबाजूचा उजेड अडवणारी; ती नसली की आकडा उगाच फुगतो. ती तशीच टेबलावर पडली होती.

"आकडा परत घे," मॅडम म्हणाल्या. "पेढे राहू देत."

पुढे सायलीचा खरा आकडा आला, तेव्हा मामांनी आधी मास्क पाहिला आणि मग पेढा उचलला.

*

माझं पॉलिमर मात्र विरघळेचना. पॉलिमरच्या साखळीला बाजूने शेपट्या असतात. त्या लांब ठेवल्या तर शाई छान होते, पण साखळ्या एकमेकींपासून लांब बसतात आणि वीज पुढे सरकत नाही. म्हणून मी शेपट्या आखूड केल्या, तर बाटलीत नुसतं डांबर! दोन आठवडे उरले होते आणि माझी पार वाट लागली होती. वैतागून बाटली हॉट प्लेटवर ठेवली आणि जेवायला गेलो. प्लेट कितीवर आहे तेही पाहिलं नाही. परत येतो तो निळीशार शाई तयार. ती गरम असतानाच काचेवर चढवली.

मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं.

"विसरलो असं लिहू नकोस. तापमानाचा परिणाम अभ्यासला, असं लिही."

*

त्या सेलवर मास्क मामांनी स्वतः ठेवला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दोन आकडी. मला रडूच आलं, आणि त्याची लाज वाटली नाही. मॅडमनी डबा पुढे केला.

माझा सेल उचलला तर खाली आणखी एक निघाला. कोपरा उडालेला, चिठ्ठी पिवळी पडलेली, वर मॅडमचं अक्षर.

"मॅडम, हा तुमचा?"

"हो. झाकण नीट लाव, हवा दमट आहे."

शुक्रवारी निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं, सगळं यथासांग. मामांचे डोळे पुसून पुसून लाल झाले होते.

सोमवारी मी सेल मोजायच्या मशीनचं बुकिंग रजिस्टर उघडलं. सकाळी दहाच्या स्लॉटपुढे नाव होतं, साने. आणि नमुन्याच्या रकान्यात, त्याच अक्षरात: शेपटी आखूड, शाई गरम.