सुगंधावहिनी आधी वाईट सांगते

सुगंधावहिनीला बघायला आमचे वडील, भाई आणि मी गेलो होतो. भाई म्हणजे माझे थोरले बंधू. चहाचा ट्रे खाली ठेवून तिने पहिलंच वाक्य टाकलं, "माका डाव्या कानान कमी ऐकाक येता. मागसून कळलां असां नको." तिच्या वडलांचा चेहरा पडला. आमचे वडील मात्र परतीच्या वाटेवर भाईंना म्हणाले, "हीच आमच्या घराक व्हयी." भाई मुळात बोलतच नाहीत, त्यामुळे बायकोचा डावा कान त्यांना कधी आड आला नाही.

पुढे वीस वर्षं ती शाळेत पोरांचा आहार शिजवत होती. तपासणीला साहेब आले की त्यांनी झाकण उचलायच्या आत सांगायची, "तांदळात पोरकिडे होते. निवडलेत, पण एखादा राहिला असेल." हेडमास्तरांना घाम फुटायचा. साहेब तिच्याच हातचं जेवून जायचे. ज्याला आधी वाईट सांगितलंय तो नंतर भांडायला येत नाही, असं ती म्हणते. चाळीस वर्षांत मला हे खोडता आलेलं नाही, आणि प्रयत्न मी बरेच केलेत.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने, सर्वेशने, काजूच्या बागेतला आमचा जुना मांगर दुरुस्त केला. एके काळी त्यात काजूबिया आणि गवत ठेवायचो. त्याने फरशी घातली, न्हाणीघर बांधलं, दोन पलंग आणले आणि मुंबईत बसून इंटरनेटवर 'कॉटेज' म्हणून फोटो टाकले. अट एकच. पहिल्या पाहुण्यांनी चांगलं लिहिलं तर आई चालवेल, नाहीतर देवबागचा लवू चालवायला घेईल. लवूच्या पाच खोल्या आहेत, बोट आहे आणि बारा महिने हसरं तोंड आहे. वहिनीला मांगर हातचा जाऊ द्यायचा नव्हता. शाळेतलं काम सुटल्यापासून तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि रिकामी वहिनी भाईंना झेपत नाही. मला तर नाहीच नाही.

पहिले पाहुणे ठरले पुण्याचे अजय आणि रसिका. तीन रात्री. दिवाळीतच त्यांनी जागा धरून ठेवली. त्यानंतर देवळात कौल झाला आणि गावपळणीच्या तारखा नेमक्या त्याच पडल्या. आमच्याकडे दर काही वर्षांनी देवाच्या हुकमाने अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर खोपी बांधून राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. गावात एक चूल पेटत नाही. हे कशासाठी, ते आम्ही विचारत नाही. विचारतात ते पेपरवाले.

वहिनीने त्याच दिवशी सर्वेशला फोन केला. "तेंका आजच कळव. गाव रिकामो आसतलो म्हणान सांग. येवचे तर येतीत, नायतर नाय." हो म्हणाला आणि गप्प बसला. बाहेरच्यांना कसली गावपळण, राहतील आत, त्यांना शांतता तर हवीच आहे, असा त्याचा विचार. माझ्या पुतण्याला अक्कल आहे, पण ती वेळेवर वापरायची त्याला सवय नाही.

गावपळणीच्या दिवशी दुपारी निघायचा ढोल वाजला. मी टेम्पोत कोंबड्यांच्या टोपल्या चढवत होतो, तेवढ्यात त्यांची गाडी दारात. रसिका उतरून म्हणाली, "जत्रा आहे का आज?"

वहिनीच्या हातात कोंबडा होता. तिला सगळं एका क्षणात कळलं. तिचा असा उतरलेला चेहरा मी भाईंच्या आजारपणातही पाहिला नव्हता. जन्मभर आधी सांगणारी बाई, आणि आज माणसं दारात येऊन उभी तरी त्यांना काही माहीत नाही. कोंबडा माझ्याकडे देऊन तिने पदराला हात पुसले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही घेतलेल्या घरात तीन दिवस राहता येणार नाही. गावात कोणीच राहत नाही. मी स्वतः फोन करायला हवा होता, मुलावर सोडलं."

अजय चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "आठ तास गाडी चालवून आलोय. आम्ही काही तुमच्या गावचे नाही. आम्ही आत राहतो."

"नाही. कुलूप घातलंय." मग तिने लवूचं नाव काढलं. देवबागला त्याची खोली मिळेल, खिडकीतून समुद्र दिसतो, मीच फोन करते म्हणाली. पहिलं गिऱ्हाईक ही स्वतःच्या हाताने लवूच्या घरात ढकलत होती. "नाहीतर माझ्या खोपीत चला. पण आधी वाईट ऐका. झोपायला जमीन. पहाटे थंडी वाजते. लाल मुंग्या आहेत. संडास शंभर पावलांवर, पत्र्याचा. जेवण तिखट. आणि हे आमचे भावजी शेजारच्या खोपीत घोरतात."

"आणि चांगलं काय?" रसिकाने विचारलं.

"ते मी सांगत नाही. तुम्ही बघा."

दोघं पाऊण तास गाडीत बसून वाद घालत होती. अजयला देवबागला जायचं होतं. रसिका जिंकली.

आता कोणाला वाटेल, खोपीत त्यांना स्वर्ग दिसला असेल. कसला स्वर्ग! दुसऱ्या दिवशी अजय कमरेवर हात धरून उठला. रसिकाच्या पायाला मुंग्यांनी फोड आणले. सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, कढीने अजयचं पोट बिघडलं. संध्याकाळी भजनाला मात्र दोघं बसली आणि रसिकाने शेजारच्या बायकांबरोबर नारळ खवले. तक्रार केली की वहिनी शांतपणे म्हणे, "सांगितलं होतं."

चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला. त्यांना त्याच दिवशी पुण्याला निघायचं होतं. वहिनीने मांगर उघडून दाखवला. तासभर ती दोघं तिथे बसली. इस्त्रीच्या चादरीवरून हात फिरवत रसिका म्हणाली, "किती छान केलंय हो." वहिनीला तेच जास्त लागलं. गाडी गेल्यावर तिने त्या चादरी न वापरताच पुन्हा धुवायला काढल्या.

आठवड्याने सर्वेशचा फोन आला. आवाज चढलेला. एक स्टार, म्हणाला, आणि वाचून दाखवलं:

"निराशा झाली. जे घर भाड्याने घेतलं त्यात तासभर बसलो. तीन रात्री जमिनीवर झोपलो. कंबर धरली, मुंग्या चावल्या, पोट बिघडलं, शेजारचे गृहस्थ घोरतात. पण सुगंधाबाईंनी सांगितलं त्याहून वाईट काहीच निघालं नाही. आधी त्यांच्याशीच बोला." खाली वहिनीचा नंबर.

"आता लवू चावी न्हेवक येतलो," सर्वेश म्हणाला.

वहिनीने फोन उजव्या कानाला नीट लावला. "शेवटचा परत वाच."

त्याने वाचलं.

"खरां लिवल्यानी. काढूक सांगशीत तर बघ. आणि लवूक सांग, चावी माझ्या कमरेक आसा."

चावी कमरेला होती, पण फोन येत नव्हते. पंधरा दिवस ती मांगराच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसायची. मला तिची काळजी वाटू लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. लवू एकदा येऊन मांगराची मापं घेऊनही गेला, हसत.

मग एका सकाळी कोल्हापूरहून कोणा बाईंचा फोन. त्यांचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. "ते लिहिलेलं वाचलं. आम्ही तिघी बहिणी आहोत. आधी तुमच्याकडचं वाईट काय ते सांगा."

वहिनीने पाय पसरले, पाठ खांबाला टेकवली आणि सुरू झाली. समुद्र दिसत नाही. माकडं कौलं काढतात. मोबाईलला रेंज फक्त ओट्यावर. अर्धा तास ती सांगत होती. मी भाईंना हळूच म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

फोन ठेवून वहिनी उठली, धुतलेल्या चादरी काखेत मारल्या आणि मांगराचं कुलूप काढता काढता मला म्हणाली, "भावजीनू, आयतवारापासून पाच दिस येतत. तुमच्या घोरण्याचाय सांगलंय."