ज्याचा फोटो, त्याला आधी विचारायचं

फोटो धुऊन झाला की आमचा फोटोवाला तो आधी उलटा धरून बघायचा. माणसाचे पाय वर, डोकं खाली. इतका वेळ बघायचा की मला वाटायचं, उभ्या उभ्या झोपला. मग म्हणायचा, "मावशी, सुलटं धरलं की माणूस दिसतो. उलटं धरलं की फोटो दिसतो."

मला दोन्हीकडून माणूसच दिसायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत त्याने कोपऱ्यातली खोली घेतली, ती राहायला नव्हे. खिडक्यांना काळा कागद लावला आणि आत लाल दिवा. पहिले दोन महिने चाळीला वाटलं, हा दारू गाळतो. दोघं रिकामी बाटली घेऊन आलेही. त्याने त्यांना बसवलं, बाटलीचा फोटो काढून दिला आणि परत पाठवलं. मला त्याने केर-लादीला ठेवलं. मग फोटो दोरीवर चिमट्याने लावायला, मग औषधाच्या थाळ्या धुवायला. वर्षभरात कुठला कागद थाळीतून कधी काढायचा ते माझं मला कळायला लागलं. त्याने शिकवलं नाही, मी बघितलं.

माणूस पन्नाशीचा, गिरीजचा, केळीच्या वाडीवाल्यांच्या घरातला. अंगात साखर, तरी येताना केळ्यांची फणी आणायचा आणि निम्मी स्वतः खायचा. पोटासाठी लग्नं करायचा, एव्हरशाईनच्या हॉलमधली. आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. चौकातल्या बॅनरवर जी माणसं हात जोडून हसतात ना, त्यातली बरीच त्याने हसवलेली. "इलेक्शनच्या आधी ह्यांना हसवणं माझं काम. नंतर तुम्हाला रडवणं त्यांचं," म्हणायचा. एकदा एका बॅनरखाली उभं राहून मला दाखवलं, "ती जाड चेन दिसते? तिच्याखाली चाकूचे टाके आहेत. चेन मीच घालायला लावली."

"मग लाज नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर भिंती काढतो."

भिंती म्हणजे पाडलेल्या घरांच्या. आमच्याकडे रोज काही ना काही पाडतात, तुम्हीही पाहिलं असेल. अर्धी भिंत उभी, तिच्यावर देवाच्या फोटोचा खिळा, मोरीच्या चार फरश्या, चुलीचा काळा डाग. माणूस एकही नाही. मुंबईत एका मोठ्या हॉलमध्ये त्याने ते फोटो लावले आणि मला नेलं. एक बाई मोरीच्या फोटोपुढे मान वाकडी करून उभी होती. मी विचारलं, "हा घरी लावून तिथे अंघोळ करणार का?" तो इतका हसला की त्याला खोकला लागला. पुढे सहा महिने तो ते सगळ्यांना सांगत होता.

माणसांचे फोटो कमी काढायचा. त्याचं एक म्हणणं होतं. "न विचारता फोटो काढणं म्हणजे कानफटात मारणं. विचारून काढला तर माणूस तोंड बदलतो. म्हणून आधी मारायचं, आणि मग त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं." आणि तो खरंच जायचा. पहिला फोटो फोटोतल्या माणसाला. तो 'हो' म्हणाला तरच पुढे कुठे लावायचा. 'नको' म्हणाला तर त्याच्यासमोर फिल्म कात्रीने कापायची. मासळीबाजारात वाकट्या विकणाऱ्या एका बाईचा त्याने सुरेख फोटो काढला होता. ती म्हणाली, ह्यात मी सासूसारखी दिसते. त्याने तिथेच कापला.

"चांगला होता रे," मी म्हटलं.

"सासू चांगली नसेल," तो म्हणाला.

आता मारामारीचं सांगते. मागच्या चाळीची जागा एका बिल्डरने घेतली. एका सकाळी जेसीबी आला आणि त्याच्याबरोबर पोरं आली, हातात सळया. बायकांना केस धरून बाहेर ओढलं. एकीच्या पायावर दार पाडलं. आमचे शिंपीभाऊ मशीन कवटाळून उंबऱ्यात बसले. ते उठेनात, तेव्हा एकाने त्यांच्या तोंडावर सळी मारली. एकदा पडल्यावर मारली, परत मारली. दात मशीनवर उडाले. आम्ही पुढच्या चाळीतली माणसं दारं लावून आत होतो. मीही आतच होते. हा मात्र बाहेर, पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढत होता.

माझा मुलगा संदेश तेव्हा त्या बिल्डरकडे कामाला होता. मी लोकांना सांगायची, साइटवर सुपरवायझर आहे. काय काम करतो ते मला माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोटोवाल्याने ते फोटो धुतले. एक उचलून सवयीप्रमाणे उलटा धरला. "बघा मावशी, उजेड कसा दारातून आलाय. सळी बरोबर त्यात."

मला उजेड दिसला नाही. माझा नवरा मला मारायचा, त्यामुळे मार कसा बसतो ते मला कळतं. कोपर पार मागे गेलेलं होतं, पाय रोवलेले. भीती घालायला मारतात तेव्हा कोपर मागे जात नाही. पाय वर आणि डोकं खाली असूनसुद्धा मी म्हटलं, "हा संदेश आहे."

त्याने फोटो सुलटा केला आणि मग स्टुलावर बसला. त्याने तोवर चेहरा बघितलाच नव्हता.

"फाड," मी म्हटलं.

"ह्यात तुम्ही नाही आहात, मावशी. शिंपीभाऊ आहेत. त्यांना इस्पितळात दाखवायला जातो. आणि संदेशला."

शिंपीभाऊंचा जबडा तारेने बांधलेला होता. त्यांनी मान हलवून 'हो' सांगितलं. त्यांना तो पोलिसात द्यायचा होता. राहिला संदेश.

"कुठे भेटेल?" त्याने मला विचारलं.

इथे मी हिशेबी वागले. मला वाटलं, संदेश 'नको' म्हणेल, हा कात्री काढेल, विषय मिटेल. शिंपी काही का म्हणेना. मी सांगितलं, "दुपारी बिल्डरच्या ऑफिसात असतो. जेवून झाल्यावर जा, तेव्हा शांत असतो."

तो खरंच जेवण झाल्यावर गेला. पाकिटात फोटो घालून, इस्त्रीचा शर्ट घालून. लग्नाचा अल्बम द्यायला जावं तसा.

ऑफिसातल्या पोरांनी आधी पाकीट जाळलं. मग त्याला लाथांनी तुडवलं. मग शटरच्या खाली दोन्ही हात धरले आणि शटर वरून सोडलं. शटर सोडणारा संदेश होता. हे मला संदेशनेच घरी येऊन सांगितलं, हात धूत असताना. "त्याला सांग, पुन्हा बटन दाबता येणार नाही." मी त्याला वाढलं. तो जेवला.

चार दिवसांनी हा परत आला, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. मी खोलीत गेले. म्हटलं, "आता तरी कापणार ना?"

"तो 'नको' म्हणाला नाही, मावशी."

"हात मोडले तुझे. अजून काय म्हणायचं राहिलं?"

"मारलं. सांगितलं काहीच नाही." मग म्हणाला, "शिंपीभाऊंनी सांगितलंय. त्यांना त्यांची प्रत द्यायची आहे. मला हात नाहीत. तुम्हाला येतं."

मला येत होतं. दिवा लाल केला, औषध ओतलं. त्याने सांगितलं तसं यंत्रात फिल्म घातली, खाली कागद ठेवला, सेकंद मोजले, कागद थाळीत बुडवला. कोरा कागद हळूहळू काळवंडतो. आधी दार आलं, मग मशीन, मग शिंपीभाऊ, शेवटी माझा मुलगा. तेवढ्यात मी पांढरा दिवा लावला असता तर सगळा कागद काळा झाला असता. त्यालाही ते माहीत होतं. ह्या माणसाला मी तिथे पाठवलं होतं. मी दिवा लावला नाही.

शिंपीणबाई तो फोटो घेऊन पोलिसात गेली. त्याच आठवड्यात संदेशला उचलला. बिल्डरला नाही.

इकडे फोटोवाल्याची बोटं काळी पडायला लागली होती, साखरेमुळे जखम भरेना. भाऊ येऊन त्याला गिरीजला घेऊन गेला. रिक्षात बसताना मला म्हणाला, "मावशी, पोलिसात दिला तो पुरावा. मला तो भिंतीवर लावायचा आहे. आयुष्यात असा एकच आला माझ्याकडे. पण संदेशला विचारायचं राहिलं. तुम्ही तुरुंगात मुलाखतीला जाल तेव्हा विचाराल?"

मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. मी 'हो' म्हटलं.

पहिल्या मुलाखतीत विचारलं तर संदेश उठून गेला. दुसऱ्या वेळी शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळी बराच वेळ जाळीला नख लावत बसला आणि म्हणाला, "कसा दिसतो मी त्यात?"

"जोर लावून मारताना माणूस दिसतो तसा. बापासारखा."

वेळ संपत आली होती. शिपायाने हाक मारली तेव्हा तो म्हणाला, "लाव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी गिरीजला गेले. घर विचारत विचारत वाडीत शिरले. भाऊ केळीच्या आळ्याला पाणी देत होता, डोक्याचे केस काढलेले. मी समजले, तरी विचारलं. विष हातातून अंगात चढलं, म्हणाला. बारा दिवस झाले.

"पानी घेता? कोन तुमी?"

"ज्याने हात मोडले त्याची आई."

त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला. मला वाटलं, आता मारील. मारलं असतं तरी चाललं असतं. तो नुसता उभा राहिला. आणलेला निरोप दुसऱ्या कोणाला द्यावा ते मला कळेना, म्हणून त्यालाच दिला. "माझा मुलगा हो म्हणाला. फोटो भिंतीवर लावा म्हणाला."

"कसला फोटो?" भाऊ म्हणाला.