बँडवाल्याची मुलगी

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातले ते मराठी काका मला पहिल्या भेटीपासून आवडले नव्हते. माझ्या नवऱ्याला नोकरी त्यांच्या शब्दावर लागली होती आणि हे ते आम्हाला विसरू देत नसत. तो ऐंशीच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. डेट्रॉइटच्या कारखान्यांतून रोज माणसांना कामावरून काढत होते, त्यामुळे नवरा त्यांच्यापुढे 'हो काका, बरं काका' करत असे.

एका उन्हाळ्यात काका-काकूंनी आम्हाला जवळच्या गावातल्या संगीत महोत्सवाला नेलं. मैदानावर तंबू, सॉसेज भाजल्याचा वास, प्रत्येकाच्या हातात बिअर. जर्मनी-ऑस्ट्रियाहून बँडपथकं आली होती. एका पथकाचे कोट लाल होते, पितळी बटणांचे. त्यातल्या म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याने गाल फुगवून एक सूर लांबवला आणि मला भरून आलं. वाजवून झाल्यावर सगळा तंबू उभा राहिला.

"च्यायला, हे तर आपले लग्नातले बँडवाले!" काका मोठ्याने हसले. "घोडा तेवढा मिसिंग आहे. आपण यांना मांडवाबाहेर उभं करतो आणि इथे स्टँडिंग ओव्हेशन, यार!"

काकू हसल्या. नवराही हसला. आणि त्याला तर माहीत होतं.

"माझे वडील वाजवतात," मी म्हणाले. "मिरजेत, लग्नांमध्ये. ट्रम्पेट."

"म्हणजे हौस म्हणून ना?" काकूंनी विचारलं.

"नाही, पोटासाठी. आणि काका, नुसतं बाहेर उभं नाही करत. जेवायलाही बाहेरच बसवतात, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर."

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याला म्हणाले, "तू कधी बोलला नाहीस ते!" काकूंनी पर्स मांडीवर ओढून घेतली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं तुझं?"

"तुम्हाला कशाला हवंय?" मी म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याने बूट भिरकावले.

"गरज होती का? सोमवारी मला त्यांच्यासमोर जाऊन बसायचंय."

"तू हसलास."

"सगळे हसले म्हणून हसलो."

"सगळ्यांचे सासरे नव्हते ते."

त्या वर्षी गणपतीला आम्हाला त्यांच्याकडचं बोलावणं आलं नाही. इंडियन स्टोअरमध्ये समोरासमोर आलो तेव्हा काकू डाळीचं पाकीट वाचत राहिल्या. नोकरी मात्र गेली नाही. ती जाईल या भीतीने नवरा महिनाभर माझ्याशी तुटक वागला, आणि भीती फिटल्यावर काही झालंच नाही असं वागू लागला. मी त्या हिवाळ्यात ड्रायव्हिंग शिकले.

पुढच्या उन्हाळ्यात महोत्सवाची जाहिरात लागली. महोत्सवाच्या दिवशी सकाळी नवऱ्यानेच विचारलं, "जाऊया का? या वेळी आपण दोघंच."

"तुझ्याबरोबर नाही," मी म्हणाले आणि गाडीची किल्ली घेऊन एकटीच निघाले.