खालची काठी

समजा, रोज उजाडता उजाडता तुम्हाला एक काम करायचं आहे. पाच मिनिटांचंच. घरामागच्या चढावर काटेरी झाडांमधून अंग वाचवत शंभरेक पावलं वर जायचं. तिथे जमिनीत एक भेग आहे. भेगेच्या वरच्या अंगाला बांबूची एक काठी रोवलेली, खालच्या अंगाला दुसरी. तुमच्या हातात तिसरी, खाचा पाडलेली. ती आडवी धरायची, तिचं टोक वरच्या काठीला टेकवायचं आणि खालची काठी कितव्या खाचेवर येते ते बघायचं. दोन खाचांमध्ये एका बोटाचं अंतर. काल चौदावी होती आणि आजही चौदावीच असेल, तर खाली येऊन चहा टाकायचा. पंधरावी असेल तर वाडीच्या प्रमुखाला कळवायचं. सतरावी असेल तर कोणालाही विचारत बसायचं नाही. आपल्या पडवीत टांगलेलं पोकळ लाकूड न थांबता बडवायचं, आणि एकेचाळीस घरं उठून डोंगराखाली पळतील.

आता समजा, तीन दिवस पाऊस पडतोय आणि आज खाच आली अकरावी.

लिक रासितीच्या बाबतीत हेच झालं. लिक म्हणजे काकू. माझी ती सख्खी काकू नाही, पण सिदालुहूर वाडीत तिच्याहून लहान सगळे तिला लिकच म्हणतात. वय बावन्न, उंची बेताची, हातावर काट्यांचे पांढरे ओरखडे. तिची सलाकची, खवलेदार सालीच्या त्या काटेरी फळझाडांची, बाग वाडीत सगळ्यात वर आहे आणि भेग त्याच बागेतून जाते, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. सहा वर्षं झाली. काठीचं काम झालं की ती बागेत शिरते. सलाकच्या मादीच्या फुलावर नराचं फूल हाताने झटकावं लागतं, नाहीतर फळ धरत नाही. मग पावसाने परागकण धुऊन जाऊ नयेत म्हणून वर पानाची टोपी ठेवायची. एका सकाळी ती अशा साठ-सत्तर टोप्या घालते. तेवढा वेळ तिची पाठ डोंगराकडे असते, आणि तिला तेच आवडत नाही. "टोपी घालताना कान मागे ठेवते मी," असं ती म्हणते.

तिची मोठी बहीण पलीकडच्या खोऱ्यातल्या वाडीत दिली होती. त्या वाडीचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही. तिथेही भेग पडली होती. लोकांनी ती मातीने बुजवली, वर कसाव्याचे कंद लावले. कसावा छान वाढला. मग एका दुपारी डोंगर उतरला. रासिती तिथे चार दिवस उभी होती. सापडलं ते तांदूळ शिजवायचं भांडं, झाकणासकट, आत भात. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, आणि सांगताना ती भाताबद्दलच बोलत राहिली. मऊ होता, म्हणाली.

मी जिल्ह्याच्या गावी मोजमापाच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन परत आले, तेव्हा आधी मी भेगेवर एक तार बसवली होती आणि ती ताणली की वाजणारा भोंगा. पहिल्या महिन्यात तारेवर माकड बसलं, भोंगा वाजला. दुसऱ्या महिन्यात पेटीत पाणी गेलं, भोंगा दिवसभर थांबेना. वाडीने ठरवलं की तारेपेक्षा रासिती बरी. मी तिला काठ्या रोवून दिल्या, खाचा पाडून दिल्या. काठ्यांना कोणी हात लावायचा नाही, हे तिला बजावून सांगितलं. तिलाच सांगितलं. बाकी कोणाला सांगायचं सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने एकदा लाकूड बडवलं होतं. एका रात्रीत चार बोटं सरकली होती. त्या दिवशी तिच्या मोठ्या दिराच्या, तार्वानच्या, मुलीचं लग्न. नवरी, नवरदेव, मौलवी, पाहुणे सगळे चिखलातून घसरत, डोंगराच्या वाटेबाहेर असलेल्या खालच्या शाळेत गेले. डोंगर हलला नाही. परत आले तर मांडवातला सगळा भात आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे कोंबड्या-बकऱ्यांनी फस्त केलेलं. तेव्हापासून तार्वान भर चौकात विचारतो, "काय रासिती, आज कोंबड्यांना जेवण आहे का?" लोक हसतात. तीही हसते, पण तिचा हात आपोआप पदराशी जातो, जणू काहीतरी लपवायचंय.

यंदा उपासाचा महिना लागायच्या आधी, पूर्वजांच्या कबरी झाडायचा दिवस जवळ आला होता. त्या दिवसाआधी आमच्याकडे सगळी वाडी स्वच्छ होते. नाल्या उपसतात, रस्त्याकडेचं गवत काढतात, आणि जे जे उभं आहे त्याला चुना फासतात. कुंपणाचे खांब, विहिरीचा कठडा, नारळाची खोडं. वाकडा खांब दिसला तर आधी सरळ करायचा, मग रंगवायचा. पूर्वजांनी येऊन वाकडं कुंपण बघावं हे कोणाला चालत नाही. बुधवारी पाऊस जरा उघडला तेव्हा पुरुषांनी ते काम केलं. रासिती त्या वेळी बायकांबरोबर खालच्या कबरस्तानात होती. वरच्या बाजूच्या खांबांचं काम तार्वानकडे होतं. त्याला काम अर्धवट सोडायची सवय नाही. चुना संपला नसता तर त्याने कोंबड्याही रंगवल्या असत्या.

गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात खाचांची काठी.

"गेंदुक," ती म्हणाली. लहान मुलीला हाक मारतात तशी ती अजून मला मारते. "काठी खोटं बोलतेय."

"किती आली?"

"अकरा."

"भेग मिटत नसते, लिक. नीट बघितलंस?"

"तू ये."

मी गेले. दोन्ही काठ्या पांढऱ्याशुभ्र, शाळेच्या मैदानातल्या खांबांसारख्या ताठ उभ्या होत्या. खालची काठी मूळ जागेवरून हललेली होती. बुंध्याशी ताजी माती ठोकून बसवलेली. भेगेत पालापाचोळा आणि गवत भरून वरून झाडलेलं, अगदी झाडूच्या रेघा दिसत होत्या. तिथे भेग आहे हे ज्याला माहीत नाही त्याला कळलंही नसतं.

रासिती त्या झाडलेल्या जागेकडे बघत होती. "इथे कसावा लावायचाच बाकी राहिलाय," ती म्हणाली.

मी तिला खरं ते सांगितलं. जुना हिशेब गेला. आजची अकरा ही नवी सुरुवात धरायची, उद्या पुन्हा बघायचं, परवा बघायचं, मग कळेल. एका आकड्याला काही अर्थ नसतो.

"उद्या," ती म्हणाली. "आणि आज?"

पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

आम्ही तार्वानकडे गेलो. तो घरामागे आपल्या माशांच्या तळ्याच्या काठावर उकिडवा बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून काहीतरी चाचपत होता. आत चुलीवर उद्याच्या, पूर्वजांच्या जेवणाची तयारी चाललेली, नारळाच्या दुधाचा वास बाहेरपर्यंत येत होता.

"कांग," रासिती म्हणाली. मोठ्या दिराला ती दादा म्हणते. "माझ्या काठ्या तुम्ही सरळ केल्यात?"

"केल्या की. आभार नकोत."

"किती वाकल्या होत्या? काल उजाडताना तर मला ताठ दिसल्या."

"वाकल्या होत्या."

"पण किती? बोटभर? वीतभर?"

तार्वानने हात बाहेर काढला, झटकला. "बाई, या वाडीत सगळंच वाकलेलं आहे. मी काल दिवसभरात साठ खांब सरळ केले. प्रत्येकाला विचारत बसू, बाबा रे, तू किती वाकलास?" मग मला बघून जरा नरमला. "वरची बरी होती. खालची ढिली होती. उपटली, जुना खड्डा बुजवून जरा बाजूला नवा घेतला, पक्की रोवली. आता तुझा डोंगर पडेल, पण काठी पडणार नाही."

आतून कोणीतरी हसलं.

"तळ्याला काय झालंय?" रासितीने विचारलं.

"काही नाही. खेकड्याने बीळ केलंय. रात्रीत वीतभर पाणी उतरलं. बीळ सापडत नाहीये."

पाणी जिथपर्यंत होतं तिथली ओली रेघ आणि आताचं पाणी, यांच्यामध्ये तिने आपली वीत ठेवून बघितली. वीत पुरली नाही. खेकडा तळं रिकामं करतो, हे आमच्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे होतं. पण पायाखालची जमीन ताणली, तिला बारीक चिरा गेल्या, तरीही पाणी असंच उतरतं. आम्हा दोघींनाही हे माहीत होतं, आणि दोघींनाही ते दुसरीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तिच्या घरी आलो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बांबूच्या नळीतून तिच्या मोरीत पडतं. तिने ओंजळ धरली. पाणी चहाच्या रंगाचं होतं. पावसात असं होतं कधीकधी. तिने स्वयंपाकघराचं मागचं दार ढकललं, ते खाली घासलं. पावसात लाकूड फुगतं. प्रत्येक गोष्टीला एक साधं कारण होतं आणि ते कारण आम्ही एकमेकींना सांगत होतो. जितकी जास्त कारणं सापडत होती तितकी मला जास्त भीती वाटत होती.

ती पडवीत लाकडाखाली बसली. ठोकायचा दांडा मांडीवर आडवा.

"आता बडवलं आणि काही झालं नाही, तर?" ती म्हणाली.

"तर लोक चिडतील."

"चिडूदेत. ते नाही गं. पुढच्या वेळी येणार नाहीत. मी बडवत बसेन आणि ते घरात बसून म्हणतील, कोंबड्यांचं जेवण." दांडा तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "आणि नाही बडवलं, तर…"

मागे बागेत काहीतरी सळसळलं. फांदी असेल, माकड असेल. तिने मान वळवली नाही. वाक्यही पूर्ण केलं नाही. उठली आणि बडवायला लागली.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. मेल्याची खबर वेगळी, चोराची वेगळी, आणि ही न थांबणारी. खालच्या घरांतून एकेक दार उघडलं. वाडीचे प्रमुख, पाक दिर्जा (पाक म्हणजे आदराने बाबा), लुंगी सावरत धावत आले. "कितवी खाच?" त्यांनी ओरडून विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, पाक. म्हणूनच."

त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. ते वळले आणि लोकांना हाका मारू लागले.

लोक निघाले, पण गेल्या वेळेसारखे नाही. या वेळी कोणी पातेलं मागे ठेवलं नाही. नारळाच्या दुधातली कोंबडी, भाताच्या टोपल्या, तेंपेचे हारे, सगळं डोक्यावर आणि काखेत. म्हातारी एम्बाह, म्हणजे आजी, सांकेम कोणाच्या तरी पाठुंगळीला बसून खालच्यांना ओरडत होती, "रस्सा सांडू नका रे, पूर्वजांचा आहे." तार्वान सगळ्यात शेवटी आला, दोन बादल्यांमध्ये मासे घेऊन. "रासिती, या वेळी कोंबड्या उपाशी," तो म्हणाला. ती सगळ्यांच्या मागे उभी राहून माणसं मोजत होती, ओठ हलत होते. एकशे त्रेसष्ट झाल्यावर ती चालू लागली.

शाळेत आम्ही तीन रात्री काढल्या. कबरींचं जेवण बाकांवर मांडून झालं. कान मात्र सगळ्यांचे बाहेर. ट्रक घाटात गिअर बदलायचा तरी घास हातात थांबायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं ते मी तिला सांगायला नको होतं कदाचित. मी म्हणाले, "लिक, किती वाकली होती हे तेवढं महत्त्वाचं नाही. कुणीकडे वाकली होती ते महत्त्वाचं." वरवरची माती सरकत असेल, किंवा कोणाच्या बकरीने धक्का दिला असेल, तर खालची काठी उताराकडे, गावाकडे झुकते. पण जमिनीचा मोठा तुकडा खोलवरून सुटून खुर्चीसारखा मागे रेलत बसत असेल, तर ती डोंगराकडे झुकते. पहिल्यात चार झाडं जातात. दुसऱ्यात वाडी जाते.

तिने हातातला भात खाली ठेवला. उठली, सरळ तार्वानपुढे जाऊन उभी राहिली आणि काठी कुणीकडे झुकली होती ते विचारलं.

तो हसत हसत सांगायला लागला आणि मध्येच थांबला. उजवा हात वर करून त्याने काठी धरल्यासारखं केलं, ढकलल्यासारखं केलं. मग हात दुसऱ्या बाजूला नेला आणि तिकडून ढकलल्यासारखं केलं. "थांब," तो म्हणाला. "मी वर तोंड करून उभा होतो की खाली?" पुन्हा हात उचलला. मग त्याचं हसू गेलं आणि परत आलं नाही.

डोंगर पडला नाही. रविवारी ऊन पडलं, आम्ही वर परतलो. तळं अजून उतरलेलं आहे; खेकड्याचं बीळ सापडलं, पण एवढं लहान की तार्वान स्वतःच त्यावर विश्वास ठेवत नाही. मी नव्या काठ्या रोवल्या, चारही बाजूंनी तार लावली, सगळ्या वाडीला उभं करून सांगितलं की याला चुना लावायचा नाही. महिन्याभरात एक खाच सरकली आहे. एक खाच म्हणजे काही नाही, किंवा सुरुवात आहे. मला यातलं काहीही ठामपणे सांगता येत नाही, आणि मी शिकलेली आहे.

तार्वान आता कोंबड्यांचा विषय काढत नाही. उजाडताना रासिती वर जाते, तेव्हा तो बहुतेक दिवस तिच्या आधी तिथे आलेला असतो, जुन्या खड्ड्याच्या जागी. हात वर करून बघतो, खाली करतो. ती खाचांची काठी लावते, बघते, उतरवते. मग रोज एकदा, चिडून नाही, तिखटपणे नाही, चहाला येता का विचारावं तसं विचारते:

"कांग, आज तरी आठवलं का? डोंगराकडे झुकली होती, की गावाकडे?"